लेदर कोरलचे तुकडे सुपरग्लूवर का टिकत नाहीत

तुमचा प्रश्न मी असा समजलो: तुमचा समुद्री पाण्याचा टँक दीड वर्षाचा आहे, त्यातलं टोडस्टूल लेदर (देठावर छत्री असलेलं मऊ प्रवाळ, म्हणजे कोरल) इतकं पसरलं की खालच्या कोरलांवर सावली पडायला लागली. म्हणून त्याच्या छत्रीच्या कडेचे चार तुकडे कापले आणि सुपरग्लू जेलने फ्रॅग प्लगवर, म्हणजे कोरलचे तुकडे (फ्रॅग) लावायच्या छोट्या बैठकीवर, चिकटवले. दुसऱ्या दिवशी दोन वाळूवर पडलेले, एक वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) जाळीला अडकलेला, आणि जो जागेवर राहिला तो खालून पांढरट-तपकिरी होऊन सुटायला लागलेला. मूळ कोरल तेव्हापासून मिटून बसलंय आणि त्यावर मेणचट थर आलाय. आता तुम्हाला हवंय एखाद्या चांगल्या ग्लूचं नाव, आणि झेनिया व मश्रूम हे टँकमधले दुसरे जीवही याच पद्धतीने कापता येतील का ते.

ग्लूचं नाव मी सांगणार नाही, कारण ग्लू बदलून काही होणार नाही. ही पद्धत दगडी प्रवाळांची आहे. अ‍ॅक्रोपोरा किंवा माँटिपोराची फांदी तोडली की हातात कॅल्शियम कार्बोनेटचा टणक सांगाडा येतो. ग्लू त्या सांगाड्याला धरतो आणि जिवंत पेशींचा थर नंतर सावकाश ग्लूवरून पसरतो. लेदरला असा सांगाडाच नाही. त्याच्या मांसात चुन्याच्या सूक्ष्म काड्या विखुरलेल्या असतात, त्यांना स्क्लेराइट म्हणतात. बाकी सगळं शरीर पाणी भरून ताठ उभं असतं. कापलं की ते पाणी सोडून आकसतं आणि अंगावर बुळबुळीत स्रावाचा थर आणतं. तुमचा ग्लू त्या थराला चिकटला, व्यवस्थितच चिकटला. रात्रीतून कोरलने तो थर टाकून दिला, त्याबरोबर ग्लूही गेला. तुकडा ग्लूखाली गुदमरला तर तिथेच कुजायला लागतो, तुमच्या चौथ्या तुकड्याचं बहुधा तेच झालं.

तेव्हा मऊ प्रवाळ आपण चिकटवत नाही. ते स्वतः दगड धरतं. त्याला त्यासाठी साधारण एक ते तीन आठवडे लागतात आणि तेवढा काळ तुकड्याची कापलेली बाजू खरबरीत दगडाला टेकून राहील, पण आवळली जाणार नाही, एवढंच आपलं काम. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात.

कापायचं की नाही, हे मात्र परिस्थितीवर आहे. नुकतं आणलेलं, नुकतीच जागा बदललेलं किंवा आत्ता मिटलेलं कोरल मी कापत नाही. निदान काही आठवडे त्याचे पॉलिप (अंगावरची फुलासारखी छोटी तोंडं) रोज पूर्ण बाहेर येताना दिसले पाहिजेत. पाण्याच्या बाबतीत आकड्यांपेक्षा ते स्थिर आहेत का, हे मी आधी बघतो. २४ ते २६ अंश तापमान, ३५ पीपीटी (हजारात भाग) खारेपणा, ८ ते ९ डीकेएच अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, डीकेएच हे तिचं माप), ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्षात भाग) कॅल्शियम, हे बरं. अल्कलिनिटी आठवड्यात दोन-दोन डीकेएच वरखाली होत असेल तर ब्लेड बाजूला ठेवा आणि आधी ते सावरा. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेल्याचा अनेकांना अभिमान असतो, लेदरला त्याचा काही उपयोग नाही. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट थोडं मोजता येईल इतकं असलेल्या पाण्यात मऊ प्रवाळ कापल्यावर लवकर सावरतं. अगदी धुतल्यासारख्या स्वच्छ टँकमध्ये ते रुसून बसतं.

दुसरी अट टँकमध्ये आणखी काय आहे याची. सार्कोफायटॉन (म्हणजे तुमचं टोडस्टूल), सिन्युलारिया, लोबोफायटम ही लेदर मंडळी शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी टर्पीन वर्गातली रसायनं पाण्यात सोडतात. कापल्यावर ती एकदम बाहेर येतात. टँक मोठा आणि सगळी मऊ प्रवाळं असतील तर फारसं जाणवणार नाही. लहान टँकमध्ये अ‍ॅक्रोपोरा असेल आणि त्यात तुम्ही मोठं टोडस्टूल कापलं, तर दोन दिवसांनी अ‍ॅक्रोपोराचे पॉलिप का येत नाहीत म्हणून डोकं खाजवत बसाल. म्हणून कापणं बाहेर, बादलीत. त्याच दिवशी ताजं अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (रसायनं शोषणारा कोळसा) लावायचं, आठवड्याने पुन्हा बदलायचं. स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) एक-दोन दिवस वेड्यासारखा फेस काढेल, त्याचा कप लवकर रिकामा करायची तयारी ठेवा. कोरल बसलेला दगड बाहेर निघतच नसेल तर पंप बंद करून टँकमध्येच कापावं लागतं. अशा वेळी बारीक नळीने कापाच्या अगदी शेजारचं पाणी ओढून टाकत राहायचं.

आता प्रत्यक्ष कापणं. टँकच्याच पाण्याच्या दोन बादल्या घ्या, एक कापायला, एक धुवायला. कापायच्या बादलीतलं पाणी परत टँकमध्ये जाणार नाही. पातं नवं, स्काल्पेलचं किंवा साधं दाढीचं. हातमोजे घाला.

कुठे कापायचं यावर दोन मतं आहेत आणि माझं मत तुमच्या पद्धतीच्या विरुद्ध आहे. छत्रीच्या कडेचे तुकडे पातळ असतात, कापल्यावर गुंडाळले जातात, त्यांना टेकायला धड बूड नसतं. मी शक्यतो देठावरच आडवा काप घेतो, छत्री देठाच्या एक-दोन सेंटिमीटरसह वेगळी करतो आणि उरलेला खुंट दगडावर तसाच सोडतो. खुंट भकास दिसतो, घरचे विचारतात की मेलं का. काही आठवड्यांत त्याच्या माथ्यावर गोल कड फुटते, मग तिथे पॉलिप येतात आणि काही महिन्यांत नवी छत्री तयार होते. सुटलेल्या छत्रीला देठाचं बूड असल्यामुळे ती दगड लवकर धरते. छत्री फार मोठी असेल तरच तिचे पिझ्झासारखे त्रिकोणी भाग करायचे, प्रत्येकाला देठाचा थोडा भाग येईल असे. कडेचेच तुकडे हवे असतील तर निदान दोन-तीन सेंटिमीटर रुंद तरी घ्या.

काप एका ओढीत. पात्याखाली बारीक करकर जाणवेल, ते स्क्लेराइट. घाबरून थांबू नका, आणि करवतीसारखं मागेपुढेही करू नका, फाटलेली कड आधी कुजते. कापताक्षणी पॉलिप आत जातात, तुकडा बघता बघता निम्म्यावर येतो आणि कापलेल्या तोंडाशी पांढरट धागे लोंबायला लागतात. दुसऱ्या बादलीत हे धागे निघेपर्यंत हलक्या हाताने हलवून धुवा आणि पाच-दहा मिनिटं तिथेच राहू द्या. या वेळी केलेली घाई बांधताना भोवते. आयोडीनच्या पाण्यात बुडवायचं असेल तर कोरलसाठी बनवलेलंच वापरा आणि बाटलीवरच्या प्रमाणात. जखमेवर लावायचं औषधी आयोडीन अंदाजाने ओतू नका, त्यातल्या काहींत साबणासारखे घटक असतात. स्वच्छ काप असेल तर मी बहुतेक वेळा आयोडीन वापरतच नाही.

आता धरून ठेवणं. साधी लाकडी टूथपिक घ्या, रंगीत किंवा पुदिन्याच्या वासाची नको. ती कापलेल्या बाजूच्या अर्धा-एक सेंटिमीटर वरून देठातून आडवी आरपार घाला, दोन्ही टोकं बाहेर राहतील अशी. देठ खरबरीत, छिद्रं असलेल्या दगडाच्या तुकड्यावर उभा ठेवा. मग रबरबँड टूथपिकच्या एका टोकावर अडकवून, दगडाखालून घेऊन दुसऱ्या टोकावर चढवा. ताण लाकडावर येतो, मांसावर येत नाही. सगळी मेख इथे आहे. रबरबँड थेट कोरलवरून घेतला तर पहिल्या दिवशी छान दिसतो, पण कोरल फुगतं-आकसतं तसा तो आत रुतत जातो आणि शेवटी तुकड्याचे दोन तुकडे करतो. बँड सैल वाटला तर सैलच राहू द्या, बूड दगडाला टेकलंय ना, पुरे. पकड आली की टूथपिकची टोकं कापून टाका. आतली काडी कोरल हळूहळू बाहेर ढकलतं किंवा ती कुजून निघून जाते.

कडेच्या पातळ तुकड्यांना टूथपिक जमत नाही, त्यांना जाळी. ओढणीच्या नेटचं किंवा तसलंच बारीक, मऊ, न रंगवलेलं कापड पुरतं. दगडावर तुकडा कापलेली बाजू खाली करून ठेवायचा, वरून जाळी पसरायची आणि रबरबँड दगडाभोवती, तुकड्याच्या बाहेरून. आठवडा-दहा दिवसांनी एक कोपरा उचलून बघायचा. पॉलिप जाळीच्या छिद्रांतून वर यायला लागले तर वेळ झाली, आणखी थांबलात तर कोरल जाळीलाच धरतं.

ग्लू फेकून देऊ नका. दगडाचा तुकडा प्लगवर बसवायला तो उत्तम. म्हणजे ग्लू दगड आणि प्लगमध्ये, कोरल आणि दगडामध्ये काहीच नाही. गुळगुळीत प्लगवर थेट तुकडा बसवायचं टाळा, खरबरीत पृष्ठभागावर बूड पसरायला जागा मिळते.

नव्या फ्रॅगला मूळ कोरलपेक्षा थोडा कमी प्रकाश आणि मध्यम, आडून येणारा प्रवाह द्या. प्रवाह अजिबात नको ही समजूत चुकीची आहे. पाणी हललं नाही तर स्राव अंगावर साचतो आणि त्याखाली कुजणं सुरू होतं. पॉलिप डोलतील इतका प्रवाह हवा, तुकडा कलेल इतका नको. रोज हात घालून पकड बघू नका. तीन-चार दिवसांत तुकडा थोडा ताठ होतो, साधारण आठवड्याभरात पॉलिप डोकावतात, आणि बुडाची कड दगडावर पातळ पसरलेली दिसली की समजायचं काम झालं. उलट तपकिरी जेली, दुर्गंध किंवा बोट लावल्यावर निसटणारं मांस दिसलं तर लगेच बाहेर काढा. घट्ट, निरोगी भाग लागेपर्यंत कुजका भाग कापून टाका, धुवा, नव्या दगडावर पुन्हा बांधा. कुजका भाग टँकमध्ये ठेवून उद्यावर टाकू नका.

मूळ कोरलवरच्या मेणचट थराची काळजी सोडा. सार्कोफायटॉन एरवीही अधूनमधून मिटतं, चकचकीत दिसतं आणि कात टाकावी तसा अंगावरचा थर टाकतं. त्याबरोबर अंगावर बसलेलं शेवाळ आणि गाळही जातो. कापल्यावर हे हमखास होतं. काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. प्रवाह थोडा वाढवून त्याच्या अंगावरून जाईल असा करा, ड्रॉपरने लांबून पाण्याचा फवारा मारला तरी चालेल. नखाने किंवा ब्रशने थर सोलू नका, खालची कातडी अजून तयार नसते. काळजी कधी करायची? काप घेतलेल्या जागेपासून काळपट डाग पसरत असेल, मांस मऊ पडून खड्डा पडत असेल, वास येत असेल तर.

थोडक्यात, निरोगी कोरल, स्थिर पाणी, बाहेर बादलीत एका ओढीचा काप, नीट धुणं, खरबरीत दगड, टूथपिक किंवा जाळी, आणि मग हात मागे. सिन्युलारिया आणि लोबोफायटमला हीच पद्धत जशीच्या तशी. कापनेला, म्हणजे ज्याला केनिया ट्री म्हणतात, ते स्वतःच फांद्या टाकतं. त्या गोळा करून खड्यांच्या वाटीत टाकल्या की झालं, नंतर वाटायला माणसं शोधावी लागतात. नेफ्थियाचं मांस मऊ असतं, तिथे टूथपिक फाडते, जाळी बरी. डेंड्रोनेफ्थियाचे गुलाबी-केशरी रंग बघून मोह झाला तरी कापायच्या गोष्टी नकोत. त्याच्यात प्रकाशावर अन्न बनवणारं शैवालच नसतं, त्याला सतत बारीक अन्न पुरवून जगवणं हेच मोठं काम.

झेनिया कापू नका. त्याचा देठ इतका बुळबुळीत आणि मऊ की टूथपिक त्याला चिरते, ग्लू तर घसरतोच. त्याच्या बाजूला, टेकेल असा दगडाचा खडा ठेवा. ते स्वतःहून त्यावर पाय टाकतं. बूड खड्यावर नीट बसलं की मधला दुवा पात्याने तोडा आणि खडा उचला. अपघाताने सुटलेला देठ असेल तर खडे भरलेल्या वाटीत, जाळीखाली ठेवा. एक सावधगिरी: झेनिया जमलं की आवरत नाही. ते मुख्य खडकावर न लावता वाळूतल्या सुट्या दगडावर ठेवा, भोवती मोकळी जागा सोडून. आणि कधीकधी तेच झेनिया काही कारण न दाखवता काही दिवसांत विरघळूनही जातं, म्हणून एक तुकडा मित्राच्या टँकमध्ये असलेला चांगला.

मश्रूम तर मऊ प्रवाळच नव्हेत. ती कोरॅलिमॉर्फ, नात्याने दगडी प्रवाळांच्या जवळची, फक्त सांगाडा नसलेली. कापताना मात्र त्यांना अंगभूत ताकद आहे. डिस्कोसोमा आणि रोडॅक्टिस मधल्या तोंडातून आरपार कापून दोन किंवा चार भाग करता येतात, प्रत्येक भागाला तोंडाचा अंश मिळाला की तो लवकर गोल होतो. मला आणखी सोपी वाटते ती दुसरी रीत: देठावर आडवा काप घेऊन वरची थाळी उचलायची आणि दगडावरचा पाय तिथेच सोडायचा. पायातून नवं मश्रूम उगवतं, थाळी वाटीतल्या खड्यांवर ठेवायची. वाटी उथळ, खडे चण्याएवढे ते बोराएवढे, वर जाळी, प्रवाह अगदी मंद. दोन-तीन आठवड्यांत मश्रूम कुठल्यातरी एका खड्याला धरून बसलेलं सापडतं. मग तो खडा खुशाल ग्लूने प्लगवर लावा. रिकॉर्डिया सावकाश सावरतं, तिथे चार भाग करण्याचा हव्यास नको.

माझ्याच नियमाला एक अपवाद आहे, ग्रीन स्टार पॉलिप. त्याची जांभळी चटई चिवट असते. तिचा तुकडा दगडावरून सोलून खालची बाजू कागदी रुमालाने टिपली की जेलने तो छान बसतो. बाकी त्याच्याबद्दल सांगायचं तर काचेवर चढायच्या आधी आवरा.

तुम्ही झोआंबद्दल (झोआंथस, पॅलिथोआ या बटणासारख्या पॉलिपांबद्दल) विचारलेलं नाही, पण कात्री हातात आली की माणूस तिथे पोचतोच. झोआंथस आणि त्याहून जास्त पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं, ते अत्यंत जहाल विष आहे. कापताना पॉलिप दाबला गेला की रसाची पिचकारी उडते, ती डोळ्यात गेली तर नजरेला धोका. हातमोजे आणि पूर्ण झाकणारा चश्मा लावल्याशिवाय हात लावू नका, हाताला जखम असेल तर तो दिवस सोडा. आणि झोआ बसलेला दगड साफ करायला कधीही उकळू नका, गरम पाणी ओतू नका, वाफेच्या यंत्राने धुऊ नका. विष वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर हवेत जातं, अशा प्रकारे घरातली सगळी माणसं आणि पाळीव प्राणी आजारी पडल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. काम केल्यानंतर तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव, ताप, थंडी, खोकला, श्वासाचा त्रास झाला तर डॉक्टरांकडे जा आणि पॅलिथोआ हाताळल्याचं स्पष्ट सांगा, नाहीतर ते फ्लू समजतील.

आता तुमच्या चार तुकड्यांकडे. चौथा, प्लगवरचा, आजच काढा. बुडाचा मऊ भाग कापून टाका, पांढरं घट्ट मांस दिसेपर्यंत, आणि उरलेलं दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर त्याची आशा धरू नका. वाळूवरचे दोन चाचपून बघा. घट्ट असतील तर धुऊन जाळीखाली बांधा, कड पुन्हा कापायची गरज नाही. वेव्हमेकरमध्ये अडकलेल्याची फाटकी कड सरळ करून घ्या आणि त्यालाही जाळीच. मूळ कोरलला इतक्यात हात लावू नका. ते पूर्ण उघडून महिनाभर तसं राहिलं की मग देठावरचा काप घ्यायचा की नाही ते ठरवा. सावलीचा प्रश्न तोवर सोडवायचा असेल तर खालची कोरलं हलवा, ते सोपं आहे.

फ्रॅग दुसऱ्याला देण्याआधी प्लग पाण्यातच धरून हलवून बघा. तुकडा डुलतो पण बूड सुटत नाही, पॉलिप पूर्ण येतात आणि कापाची जागा शोधून सापडत नाही, तर तो प्रवासाला तयार आहे. याला बहुतेक वेळा महिना ते दीड महिना लागतो. टूथपिक आतच असेल तर घेणाऱ्याला तसं सांगून द्या, नाहीतर आठवड्याने कोरलमधून काडी बाहेर आली म्हणून त्याचा फोन येईल.